खिंडीपल्याडचं आगर

बोर्ली पंचतनला मुद्दाम मुक्कामाला येणारे सायकलस्वार विरळाच. किनाऱ्याने गोव्याला निघालेली मंडळी इथून जातात खरी. आगरदांड्याला फेरीबोटीत सायकली चढवायच्या, राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरायचं, बोर्लीच्या नाक्यावर चहा घ्यायचा आणि दिवेआगरवरून श्रीवर्धन गाठायचं. मग हरिहरेश्वर, बागमांडल्याहून वेसवी, पुढे दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड अशा एकामागून एक खाड्या पार करत दक्षिणेला. हा प्रवास सुंदर आहे, आणि ज्याला जमेल त्याने तो जरूर करावा. पण त्यात बोर्ली येते ती चहापुरती. या पुस्तिकेचा आग्रह वेगळा आहे. बोर्लीत किंवा शेजारच्या दिवेआगरला बिऱ्हाड करा, पिशव्या खोलीवर ठेवा आणि तीन-चार दिवस रोज वेगळ्या दिशेला निघून संध्याकाळी परत या.

हा आग्रह धरताना माझ्या डोळ्यासमोर लांब पल्ल्याची सायकल चालवणारे मित्र आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पुरी केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली कॉलेजच्या वयात सायकलने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, आता आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या शहरांत होतात: २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ६०० चाळीस तासांत. या साऱ्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मात्र यामुळे आपल्या बोलण्यात एकच प्रश्न शिरला: किती किलोमीटर झाले? बोर्लीच्या परिसरात हा प्रश्न निरुपयोगी ठरतो. इथे चाळीस किलोमीटरचा फेरा मारून आलेला माणूस देशावर नव्वद मारून आलेल्याइतका दमलेला असतो, आणि त्याने पाहिलेलं मात्र कितीतरी अधिक असतं.

याचं कारण इथल्या जमिनीत आहे. राजपुरीची खाडी आणि सावित्रीची खाडी यांच्यामधला हा किनारा सरळ नाही. डोंगराच्या सोंडा पुढे येऊन थेट समुद्रात उतरतात आणि दोन सोंडांच्या मध्ये वाळूचा एकेक पट्टा सापडतो. वेळास, आदगाव, दिवेआगर, शेखाडी, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही सारी अशा पट्ट्यांवर वसलेली गावं. वाळूच्या मागे सुरूची बनं, त्यामागे नारळ-सुपारीचं आगर, आगरामागे भातखाचरं आणि खाचरं संपली की जांभ्याचा चढ. चढाच्या माथ्यावर खिंड आणि खिंडीपल्याड पुढचं आगर. हा क्रम एकदा लक्षात आला की नकाशाची गरज निम्म्याने कमी होते. रस्ता वर जाऊ लागला, नारळ मागे पडले, कडेला काजू-करवंदं दिसू लागली, की पुढे खिंड आहे हे समजावं आणि गिअर आधीच हलका करावा.

रस्त्यांची आखणीही यातूनच आली. इथल्या गावांची तोंडं पिढ्यानपिढ्या समुद्राकडे आणि खाडीकडे होती. माल जायचा गलबतातून, माणसं मुंबईला जायची ती बंदरातून. शेजारच्या गावाला जायला पाऊलवाट पुरत होती. डोक्यावर ओझं घेऊन खिंड ओलांडणाऱ्या माणसाने जी वाट पाडली, तिच्यावरच पुढे बैलगाडी आणि मग डांबर आलं. म्हणून इथला चढ अंगावर येतो, वळण अचानक येतं आणि रस्त्याची रुंदी बऱ्याच ठिकाणी एका एसटीपुरतीच असते. मोटार चालवणाऱ्याला जी अडचण वाटते, तीच सायकलवाल्याला इथे ओढून आणते: वेग आपोआप आवरला जातो, गाड्या मोजक्याच भेटतात आणि वळणापलीकडे काय असेल याची उत्सुकता कायम राहते.

आता बोर्लीच का, हे सांगतो. आधी एक खुलासा: रायगड जिल्ह्यात दोन बोर्ली आहेत. मुरूड तालुक्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे आहे ती बोर्ली मांडला. आपली बोर्ली पंचतन श्रीवर्धन तालुक्यातली, राजपुरी खाडीच्या दक्षिणेकडची. मोबाइलच्या नकाशावर पूर्ण नाव टाकावं, नाहीतर मुक्काम खाडीच्या चुकीच्या बाजूला ठरेल. समुद्रापासून पाचएक किलोमीटर आत असलेली ही पंचक्रोशीची बाजारपेठ. उत्तरेला दिघी, पश्चिमेला दिवेआगर, वायव्येला वेळास-आदगाव, दक्षिणेला श्रीवर्धन, पूर्वेला म्हसळा, असे रस्ते इथून फुटतात. बाजाराचं गाव असल्यामुळे पहाटेचा चहा मिळतो, पाव मिळतो, औषधाचं दुकान आहे, एसटी आहे. कोळी, आगरी, कुणबी, कोकणी मुसलमान, ब्राह्मण, भंडारी अशी सगळी वस्ती आजूबाजूला आहे. सकाळी नाक्यावर दहा मिनिटं उभं राहिलं तर साऱ्या पंचक्रोशीचं बोलणं कानावर पडतं. पर्यटकांची गर्दी शनिवार-रविवारी दिवेआगरच्या किनाऱ्यावर जाते, आणि बोर्लीची पेठ आपल्या कामात असते.

माझा सर्वांत आवडता रस्ता दिवेआगर ते श्रीवर्धन हा किनाऱ्याचा. दिवेआगरच्या वाड्या मागे पडल्या की भरडखोल येतं. हे कोळ्यांचं मोठं गाव. इथे सायकलवरून उतरून चालावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. हंगामात घरासमोर, अंगणात आणि रस्त्याच्या कडेपर्यंत मासळी वाळत घातलेली असते. जाळ्यावर पसरलेला जवळा ऊन चढेल तसा गुलाबी रंग टाकून फिकट होत जातो, बायका तो हाताने उलथवत असतात आणि एक जणी कावळ्यांवर नजर ठेवून बसलेली असते. आपल्या चाकाची एक रेघ त्यातून गेली तर कुणाची तरी दिवसाची मेहनत मातीला मिळते. उतरून, सायकल हातात धरून, ‘मावशी, जाऊ का इकडून?’ असं विचारलं की वाट मिळते, आणि बरेचदा पाणीही.

भरडखोलच्या पुढे रस्ता समुद्राला अगदी खेटून जातो. शेखाडीच्या आसपास डाव्या हाताला डोंगराचा उतार आणि उजव्या हाताला लाटा, मध्ये डांबराची पट्टी. भरतीच्या वेळी खडकावर फुटलेल्या पाण्याचे तुषार अंगावर येतात. शेखाडीचं नाव देशाला ठाऊक झालं ते १९९३ मध्ये, मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीची स्फोटकं या किनाऱ्यावर उतरवली गेली तेव्हा. गावाच्या माथी ते ओझं आजही आहे. परका माणूस दिसला की कुठले, कुठे चाललात, ही चौकशी होते. किनाऱ्यावर पोलीसही विचारपूस करतात. ओळखपत्र जवळ ठेवावं आणि चौकशीचा राग मानू नये. ज्या गावाने अशी किंमत मोजली आहे, त्याचा तो हक्क आहे. शेखाडीनंतर कोंडविली, आरावी करत रस्ता वरखाली होत राहतो आणि श्रीवर्धनला उतरतो. हे बाळाजी विश्वनाथ या भट घराण्यातल्या पहिल्या पेशव्यांचं गाव. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी इथे पेशवे स्मारक पाहून घ्यावं. आणि एक लक्षात ठेवावं: पेशव्यांचं गाव इथे असलं तरी हा सारा मुलूख १९४८ पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात होता.

दिवेआगरच्या आतल्या गल्ल्यांसाठी वेगळी सकाळ काढावी. अंतर म्हणाल तर काहीच नाही. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, त्यांवर शेवाळ, आत सुपारी आणि तिला बिलगलेले मिरीचे वेल, पाटातून खेळणारं पाणी. गल्ली इतकी अरुंद की समोरून दुचाकी आली तर एकाने गडग्याला टेकावं लागतं. हे गाव किती जुनं, याचा पुरावा धातूवर कोरलेला आहे: शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा दिवेआगरचा ताम्रपट मराठीच्या आरंभीच्या लेखांत गणला जातो. रूपनारायणाच्या देवळातली विष्णुमूर्ती शिलाहारकाळातली. सुवर्णगणेशाची गोष्ट सर्वांना माहीत आहे: १९९७ साली बागेत काम करताना तांब्याच्या पेटीत सापडलेला सोन्याचा मुखवटा, २०१२ मधला दरोडा, त्यात प्राणाला मुकलेले दोन पहारेकरी. देवळासमोर सायकल लावताना त्या दोघांची आठवण ठेवावी.

याच गल्ल्यांत निसर्ग चक्रीवादळाच्या खुणा दिसतात. ३ जून २०२० रोजी ते वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन-म्हसळा भागात काही तासांत पिढ्यांच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्रही श्रीवर्धनलाच आहे. पण कितीही चांगली जात लावली तरी सुपारीचं झाड फळ धरायला पाच-सात वर्षं घेतं आणि नारळालाही तितकाच धीर लागतो. म्हणून आज एका गल्लीत दाट सावली असते आणि पुढच्याच वळणावर उघडं ऊन लागतं, कारण तिथली झाडं अजून लहान आहेत. डोक्यावर ऊन आलं की आपण कुठून जात आहोत हे समजतं. इथल्या घरगुती खानावळीत जेवताना, उकडीचे मोदक आधी सांगून ठेवताना, पैशावरून घासाघीस करू नये. बाग गेल्यावर याच जेवणाने कित्येक घरं उभी राहिली.

पूर्वेचा रस्ता म्हसळ्याचा. किनाऱ्याइतकं त्याचं कौतुक होत नाही, हे मला पटत नाही. मेंदडीकडे जाताना समुद्राचा वास मागे पडतो, साग आणि ऐन दिसू लागतात आणि मधूनच खाली खाडीचं पाणी चमकतं. म्हसळा तालुक्यातलं चिरगाव पांढऱ्या पाठीच्या गिधाडांच्या घरट्यांसाठी पक्षिमित्रांना ठाऊक आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे भारतभर गिधाडं मेली, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. तरी जी थोडकी उरली, त्यांतली काही या डोंगरांत. चढावर आपला वेग माणसाच्या चालीवर येतो तेव्हा थांबून वर पाहायला सवड असते. याच तालुक्यातलं आंबेत हे माजी मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांचं गाव. कोकणच्या किनाऱ्याने सलग रस्ता न्यायचा, ही कल्पना त्यांनी लावून धरली होती.

एक दिवस खाडीला द्यावा. दिघीहून बोटीने आगरदांड्याला जाऊन पूर्वेकडे वळलं की मांदाड आणि पुढे कुडा लेणी. खाडीच्या माथ्याशी कोरलेली ही बौद्ध लेणी; ग्रीक लेखकांनी नोंदवलेलं मंदगोर बंदर म्हणजे हेच मांदाड असं काही अभ्यासक मानतात. घाटावरून आलेला माल जिथे जहाजात चढत असे, तिथे आज तिवरं, चिखल आणि बगळे आहेत. परतीची बोट कधी सुटते हे जाताना विचारून ठेवावं.

चढांबद्दल थोडं तांत्रिक बोलतो, कारण तिथेच लोक नाउमेद होतात. समुद्राकडून निघालं की प्रत्येक खिंडीचा चढ शून्यापासून सुरू होतो आणि लांबी थोडी असल्यामुळे तो तीव्र असतो. शंभर मीटरला दहा मीटर चढणारे तुकडे इथे नवलाचे नाहीत. शर्यतीच्या सायकलचे जड गिअर इथे गुडघ्यांवर येतात. मागे ३२ किंवा ३४ दात्यांचं चक्र आणि पुढे छोटी प्लेट असेल तर बसून चढता येतं. यात कमीपणा मानणाऱ्यांनी पॉल द व्हिव्ही यांची हकिकत आठवावी. ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या या फ्रेंच गृहस्थाने सँतेतियन गावाजवळच्या डोंगरात सायकल फिरवत गिअरचा पुरस्कार केला. १९३० मध्ये ते वारले. टूर द फ्रान्समध्ये डिरेलर, म्हणजे गिअर बदलण्याचं यंत्र, वापरायला मुभा मिळाली ती १९३७ साली. शर्यतवाल्यांच्या कितीतरी आधी हिंडणाऱ्यांना गिअरचं मोल कळलं होतं.

टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. ३२ असेल तर उत्तम, आणि हवा जरा कमी ठेवावी. पातळ टायरची ट्यूब इथे मिळेल हे धरून चालू नये. पंक्चरवाल्याच्या पंपाला स्कूटरचा व्हॉल्व्ह बसतो, आपला प्रेस्टा बसत नाही. पितळेचा छोटा अॅडॉप्टर खिशात असला तर तोच पंपवाला दोन मिनिटांत काम करून देतो. उतारावर दोन गोष्टी घात करतात: वळणावर साचलेली खडी आणि सुरूची गळालेली पानं. पावसाळ्यात तिसरी येते, सावलीतल्या डांबरावरचं शेवाळ. ब्रेक वळणाआधी लावावा, वळणात नव्हे.

हंगाम दिवाळीनंतरचा. ऑक्टोबरात भात कापून खाचरांत पसरलेलं असतं, हवेत दमटपणा असतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत सकाळी गार वाटतं. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मंद असतो. अकरा-बारानंतर खारा वारा सुरू होतो आणि दुपारी वायव्येकडून जोर धरतो. याचा हिशेब असा: श्रीवर्धनला जाताना किनाऱ्याने जावं, ऊन चढण्याआधी पोचावं, आणि परत येताना उघड्या किनाऱ्यावर वाऱ्याशी झगडण्यापेक्षा डोंगरामागचा आतला रस्ता धरावा. तो अधिक चढाचा आहे, पण वारा लागत नाही. एप्रिल-मे मध्ये येणाऱ्यांनी सकाळी नऊपर्यंत फेरा आटोपावा आणि उरलेला दिवस सोलकढी आणि ताडगोळ्यांना द्यावा. पावसाळ्यात हा मुलूख अपरंपार सुंदर असतो. पण दरडी, वाहत्या मोऱ्या आणि बंद पडणारी फेरीबोट लक्षात घेता नवख्याने तेव्हा एकट्याने येऊ नये.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. प्रत्येक फेरा इथे उलटाही करून पाहावा. आगरातून चढताना जी खिंड नुसती दमछाक वाटते, तिच्याकडे आतून येताना माथ्यावर पोचताक्षणी समोर सगळा समुद्र उघडतो. मुक्कामी राहणाऱ्यालाच हे मिळतं. गोव्याला निघालेला माणूस प्रत्येक खिंड एकाच बाजूने पाहतो.

ही शांतता किती दिवसांची, हा प्रश्न टाळता येणार नाही. तिच्यामागचं मोठं कारण म्हणजे राजपुरीच्या खाडीवर इतकी वर्षं पूल नव्हता. रेवस–रेड्डी सागरी महामार्गाच्या आराखड्यात तो आहे. दिघी बंदर २०२१ मध्ये अदानी समूहाकडे गेलं, केंद्र सरकारने २०२४ मध्ये दिघी बंदर औद्योगिक क्षेत्राला मंजुरी दिली, बंदराचा रस्ता म्हसळा-माणगावकडून राष्ट्रीय महामार्गाला जोडला गेला. बंदराच्या रस्त्यावर अवजड ट्रक असतात. म्हणून तो भाग शक्य तिथे टाळून गावातल्या वाटा सुचवल्या आहेत. पुलाला माझा विरोध नाही. रात्री अडलेल्या बाळंतिणीला अलिबागला न्यायचं तर बोटीची वाट पाहणं काय असतं, हे इथली माणसं जाणतात. पूल त्यांचा हक्क आहे.

माझं म्हणणं पुलावरच्या जागेबद्दल आणि जुन्या रस्त्यांबद्दल आहे. पुलाच्या दोन्ही कडांना पायी जाणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वेगळी पट्टी हवी, आणि ती आराखड्यातच हवी, कारण खांब उभे राहिल्यावर रुंदी वाढत नाही. नवा महामार्ग झाल्यावर भरडखोल-शेखाडीचा रस्ता रुंद करण्याचं कारण उरणार नाही. त्याची डागडुजी मात्र व्हायला हवी. रहदारी दुसरीकडे गेली की असे रस्ते देखभालीच्या यादीतून गळतात आणि दोन पावसाळ्यांत उखडतात. गडगे पाडून गल्ल्या वाढवू नयेत, एवढं तर ग्रामपंचायतींच्या हातात आहेच. या रस्त्यांवर सायकली आजही चालतात: पाववाल्याची, शाळेत जाणाऱ्या मुलांची, जाळी घेऊन बंदरावर निघालेल्या कोळ्याची. आपण शहरातून महागड्या सायकली घेऊन आलेले लोक त्यांच्या मागून आलो आहोत, आणि मागणी करायची तर ती त्यांच्यासोबत करायची आहे.

त्यासाठीच पुढच्या पानांत प्रत्येक फेऱ्याबरोबर अंतर आणि चढ यांच्या जोडीला रस्त्याची आजची अवस्था लिहिली आहे: कुठे डांबर उखडलं आहे, कुठली मोरी खचली आहे, कुठल्या वळणावर खडी साचते, बंदराचे ट्रक कुठून कुठपर्यंत भेटतात. वाचकांनी येताना ही पानं आणि पेन्सिल बरोबर आणावी, बदललेलं दिसेल ते तारखेसह टिपून ठेवावं आणि ती नोंद पुढच्या आवृत्तीसाठी कळवावी. पहिला फेरा बोर्लीच्या नाक्यावरून वेळास-आदगावकडे आहे.